जुन्या इमारतीतील ओट्याखालची कपाटे

दादरमधील आमची इमारत वीटबांधकामाची आहे. अशा घरात भिंती सरळ आणि कोपरे काटकोनात असतील असे गृहीत धरून स्वयंपाकघराची कपाटे आखता येत नाहीत. म्हणून सुताराला काम सांगण्यापूर्वी मी प्रत्येक भिंतीची लांबी जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि वरच्या कपाटांच्या उंचीवर वेगवेगळी मोजली आणि आराखड्यासाठी त्यांतले सर्वांत लहान माप धरले. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर आणि दुसरीवर 4 फुटांवर खूण केली; त्यांमधले तिरके अंतर 5 फुटांपेक्षा जास्त भरले, म्हणजे कोन काटकोनाहून मोठा होता. त्यामुळे कपाटांच्या दोन्ही टोकांना 40 मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवल्या, ज्या जागेवरच रंधा मारून भिंतीच्या वळणाप्रमाणे बसवता आल्या. आतल्या कोपऱ्यातही तशी पट्टी हवीच, नाहीतर एका बाजूचा खण दुसऱ्या बाजूच्या मुठीवर आदळतो.

खरी अडचण मोरीची होती. सांडपाण्याचा नळ हलवला तर खालच्या घराच्या छताला गळतीचा धोका, आणि तो शेजाऱ्यांवर लादणे मला मुळीच योग्य वाटत नाही. सिंक जुन्या जागीच ठेवले, त्याखालच्या कपाटाला मागची फळी लावली नाही आणि सांडपाण्याच्या जाळीपर्यंत हात पोहोचावा म्हणून तळ सुटा ठेवला. तिथे आयएस 710 दर्जाचे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लायवूड वापरले. फरशी उतरती असल्याने कपाटांना कमी-जास्त करता येणारे पाय लावले आणि पातळी फरशीच्या सर्वांत उंच बिंदूपासून धरली.