स्लाइडचा रंग बिघडला की आधी काय पाहावे?

सायटोलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासणाऱ्या) विभागात नव्याने रुजू होणाऱ्या तंत्रज्ञांना मी पहिली सवय लावते ती ही, की रंग बिघडलेली स्लाइड दिसताच हिमॅटॉक्झिलिनच्या, म्हणजे केंद्रक निळे करणाऱ्या रंगाच्या, बाटलीला दोष देऊ नये. आधी त्याच बॅचमधल्या बाकीच्या स्लाइड काढून पाहाव्यात. सगळ्याच फिक्या किंवा काळपट असतील, तर दोष स्टेन (पेशी रंगवणारे द्रावण), पाणी किंवा अल्कोहोल यांपैकी कशात तरी आहे. पण एकाच रुग्णाच्या स्लाइड बिघडल्या असून शेजारच्या उत्तम असतील, तर तो दोष बहुधा स्मिअर (काचेवरचा पेशींचा पातळ थर) पसरताना किंवा फिक्स करताना, म्हणजे अल्कोहोलमध्ये पेशी आहेत तशा टिकवताना, घडलेला असतो.

खानदेशात ही दुसरी शक्यता उन्हाळ्यात फार वाढते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पंख्याखाली ठेवलेला पातळ स्मिअर बघता बघता वाळतो. पॅप (पॅपनिकोलाउ) स्टेनसाठी स्मिअर ओला असतानाच ९५ टक्के इथेनॉलमध्ये जायला हवा आणि तिथे किमान १५ मिनिटे राहायला हवा. तो आधी वाळला, तर केंद्रक फुगलेले दिसते, क्रोमॅटिन (केंद्रकातील डीएनए असलेले द्रव्य) पुसट होते आणि सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा पेशीचा भाग) उगाच गुलाबी-केशरी रंग घेते. आपल्या भागात तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांच्या तोंडातील स्मिअर नेहमी येतात, आणि त्यांत केराटिनचा (पेशी टणक करणाऱ्या प्रथिनाचा) खरा केशरी रंग निदानासाठी महत्त्वाचा असल्यामुळे हा खोटा केशरीपणा वेळीच ओळखणे अत्यंत गरजेचे आहे. म्हणून अल्कोहोल भरलेली कॉप्लिन जार नमुना घेण्याच्या जागी आधीच, झाकण काढून, हाताशी ठेवलेली असावी, असा माझा आग्रह असतो. स्टेन कितीही चांगला असला तरी वाळून बिघडलेली पेशी तो सुधारू शकत नाही.

बॅचच बिघडली असेल, तर आधी केंद्रक पाहावे आणि मग सायटोप्लाझम. केंद्रके फिकी असतील, तर हॅरिस हिमॅटॉक्झिलिन जुने झाले आहे, त्यातला वेळ कमी पडला आहे किंवा जादा रंग काढणाऱ्या आम्लात स्लाइड जास्त बुडाली आहे, या तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. उलट केंद्रके अतिगडद राहिली, तर आम्लाची पायरी अपुरी पडली असण्याची शक्यता अधिक. हा दोष मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण गडद केंद्रक असामान्य पेशीचा आभास निर्माण करते. हॅरिसवर धातूसारखी चमकती साय धरते. ती रोज सकाळी गाळून काढली नाही, तर तिचे कण पेशींवर येऊन बसतात.

पाण्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड आणि किंचित अल्कलीयुक्त असते. पॅपमध्ये हिमॅटॉक्झिलिननंतर केंद्रकाचा लालसरपणा जाऊन निळेपणा यायला असेच अल्कलीयुक्त पाणी लागते, त्यामुळे तिथे ते उपयोगीच पडते. पण तेच पाणी एफएनएसीच्या (बारीक सुईने गाठीतून पेशी काढण्याच्या तपासणीच्या) हवेत वाळवलेल्या स्लाइडवर जिम्सा हा दुसरा स्टेन पातळ करायला वापरले, तर सगळे चित्र निळे-करडे होते आणि लाल पेशींचा गुलाबी रंगही उरत नाही. जिम्सासाठी ६.८ पीएचचे बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) डिस्टिल्ड वॉटरमध्येच करावे आणि बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहावी. एकाच नळाचे पाणी एका स्टेनला चालते आणि दुसऱ्याला चालत नाही, हे नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

रुग्णांच्या स्लाइड रंगवण्याआधी रोज सकाळी आपल्याच गालाच्या आतून हलकेच खरवडून केलेला एक स्मिअर रंगवून पाहावा. त्यात केंद्रक ठळक निळे आणि सायटोप्लाझम निळसर-हिरवे व गुलाबी असे वेगवेगळे दिसले, तरच पुढे जावे.

पावसाळ्यात झायलीनमधून (अल्कोहोलनंतर स्लाइड पारदर्शक करणाऱ्या द्रावकातून) काढलेली स्लाइड दुधाळ दिसली, तर शेवटच्या अल्कोहोलमध्ये पाणी शिरले आहे असे समजावे. ते अल्कोहोल आणि झायलीन दोन्ही बदलून स्लाइड पुन्हा ताज्या शुद्ध अल्कोहोलमधून न्यावी. पेशींवर तपकिरी, चकाकणारे डाग दिसले, तर डीपीएक्स (वरची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, चिकटवणारा द्रव) लावण्याआधीच झायलीन उडून गेले व पेशींवर हवा अडकली. अशी स्लाइड फेकू नये. कव्हरस्लिप सुटेपर्यंत ती झायलीनमध्ये ठेवावी, अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत मागे न्यावी, पुन्हा त्याच वाटेने झायलीनमध्ये आणावी आणि या वेळी ओली असतानाच माउंट करावी.