विंगर टिकतो तो बोर्डपाशी

आइस हॉकीत विंगरचं, म्हणजे कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डचं, नाव गोलांमुळे होतं. संघातली जागा मात्र टिकते ती स्वतःच्या झोनमध्ये (आपल्या गोलकडून निळ्या रेषेपर्यंतच्या भागात), बोर्डला घासत आलेला पक (रबरी चकती) त्या रेषेबाहेर काढता आला तर. बोर्ड म्हणजे रिंकभोवतीचा सुमारे साडेतीन फूट उंचीचा कठडा. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचा संघ सामन्याला बहुधा १२ फॉरवर्ड उतरवतो: चार लाइन, प्रत्येकीत एक सेंटर आणि दोन विंगर. वरच्या दोन लाइनमधल्या चार विंगरना गोलांचं काम. उरलेल्या चौघांबद्दल प्रशिक्षक एकच गोष्ट बघतो: एका गोलाची आघाडी आहे, दोन मिनिटं उरलीत, याला बर्फावर सोडायचं का?

पॅट मरून २००७च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएल संघ तरुण खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सहाव्या फेरीत निवडला गेला. गोलांच्या यादीत तो कधीच वर नव्हता. तरी २०१९ला सेंट लुईसबरोबर, २०२० आणि २०२१ला टँपा बेबरोबर, असे सलग तीन स्टॅन्ली कप (एनएचएलची विजेतेपदं) त्याच्या नावावर आहेत. व्यावसायिक विंगर व्हायला निघालेल्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी आधी ही कारकीर्द नीट बघावी.

बाजू कुठली

डाव्या हाताने शॉट मारणारा डाव्या विंगवर खेळला, तर आपल्या गोलमागून बोर्डला लागून येणारा पक त्याच्या फोरहँडवर येतो. तोच खेळाडू उजव्या विंगवर गेला की पक बॅकहँडवर येतो आणि पहिलाच स्पर्श बिघडतो. उलट्या बाजूचा फायदा पुढे, हल्ल्याच्या झोनमध्ये मिळतो: छाती मैदानाकडे उघडी राहते आणि पलीकडून आलेला पास न थांबवता थेट मारता येतो. अलेक्झांडर ओवेचकिन उजव्या हाताचा, पण पॉवर प्लेमध्ये (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना) डाव्या फेसऑफ वर्तुळात (जिथे पक टाकून खेळ पुन्हा सुरू करतात) उभा राहतो. ६ एप्रिल २०२५ला त्याने ८९५वा गोल करून एनएचएलमधल्या सर्वाधिक गोलांचा वेन ग्रेट्झकीचा विक्रम मोडला. तसा शॉट फार थोड्यांकडे असतो. सोळा-सतरा वर्षांपर्यंत आपल्याच हाताच्या बाजूला खेळावं. उलटी बाजू नंतर शिकता येते.

बोर्डवरून आलेला पक

आपला डिफेन्समन गोलमागून पक बोर्डवरून फिरवतो, त्याला रिम म्हणतात. तो हलायच्या आधीच जागेवर पोचा: फेसऑफ वर्तुळाच्या मध्याच्या रेषेत, गोलरेषेपासून २० ते ३० फुटांवर. निळी रेषा गोलरेषेपासून ६४ फुटांवर असते. घाई करून तिच्याजवळ जाऊन उभं राहिलात, तर वरून धावत येणारा त्यांचा डिफेन्समन तुमच्याआधी पकवर येतो. नवख्या विंगरची सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

पक वाटेत असताना खांद्यावरून दोनदा बघा. पहिल्यांदा त्यांचा डिफेन्समन खाली येतोय का ते, दुसऱ्यांदा आपला सेंटर कुठे आहे ते. पक आल्यावर बघायला वेळ नसतो.

पाठ आणि कंबर बोर्डला टेकवा, गुडघे वाकवा, तोंड मैदानाकडे. स्टिकचं ब्लेड बर्फावर, बोर्डला चिकटून. मागचा स्केटही बोर्डला आडवा लावून ठेवा, म्हणजे स्टिकखालून निसटलेला पक बुटावर अडतो. बोर्डकडे तोंड करून, तीन-चार फूट लांब उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. मागून धक्का बसला की डोकं सरळ बोर्डवर आदळतं. मान आणि मेंदूच्या दुखापती अशाच होतात.

आता निर्णय. डिफेन्समन अंगावर आला नसेल तर पक घेऊन वळा आणि पळा. आला असेल आणि सेंटर आतल्या बाजूला, १०-१५ फुटांवर खाली असेल, तर छोटा सपाट पास त्याला. दोन्ही नसेल तर पक बोर्डवर हलका मारून डिफेन्समनच्या मागे टाका. इथे जोर आवरायला हवा. पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार गेला तर आयसिंग होतं, फेसऑफ आपल्याच झोनमध्ये येतो आणि बर्फावरच्या दमलेल्या पाच जणांना बदलताही येत नाही. काहीच जमत नसेल तर पक बोर्ड आणि स्केटमध्ये दाबून धरा, मदत येऊ द्या. न बघता मैदानाच्या मधोमध पास मात्र कधीच नाही. तो चुकला की समोर फक्त आपला गोलकीपर उरतो.

सरावात दोन्ही बाजूंना वीस-वीस रिम घ्या, निम्मे अंगावर माणूस असताना. आठवड्यात तीनदा. सगळ्या सत्रात सर्वांत कंटाळवाणा भाग हाच, आणि म्हणूनच तो वगळला जातो.

पक त्यांच्याकडे असताना विंगरचा माणूस म्हणजे निळ्या रेषेवरचा डिफेन्समन. त्याच्या आणि आपल्या गोलच्या सरळ रेषेत उभं राहायचं, स्टिक पासच्या वाटेत ठेवायची. शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक खेप, ४५ सेकंदांची धरा. त्यापुढे पाय जड होतात आणि माणूस सुटतो.

साहित्य

स्टिकच्या फ्लेक्सचा (कडकपणाचा) आकडा पौंडांतल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असावा. ७० किलोला साधारण ७५. जास्त कडक स्टिक वाकत नाही आणि शॉट मरतो. स्केटच्या पात्याला अर्धा इंच हॉलोने (पात्याच्या तळाच्या खाचेची त्रिज्या) सुरुवात करावी. पुण्या-मुंबईत इनलाइन स्केटवर तयार झालेल्या मुलांचा वेग आणि हात चांगले असतात, पण आडवं घसरून थांबणं त्यांना बर्फावर पुन्हा शिकावं लागतं. पहिला महिना दोन्ही बाजूंना थांबण्यातच घालवा.

शिडी

कॅनडात १६ ते २० वयोगटात मेजर ज्युनिअर किंवा पुढे अमेरिकेतली कॉलेज हॉकी. ऑगस्ट २०२५पासून ज्युनिअर खेळलेल्यालाही कॉलेजची पहिली डिव्हिजन खुली झाली, त्यामुळे दोन वाटांतली निवड आता पूर्वीइतकी पक्की नाही. ड्राफ्टमध्ये ७ फेऱ्या, ३२ संघ, २२४ नावं. त्यात नाव आलं नाही तरी दार बंद होत नाही. पाच फूट आठ इंचांचा मार्टिन सेंट लुईस ड्राफ्ट झालाच नाही, व्हर्माँट विद्यापीठातून आला आणि एनएचएलमध्ये १०३३ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) करून २०१८ला हॉल ऑफ फेममध्ये गेला.

बहुतेकांची दोन-तीन वर्षं एएचएल या एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये जातात. तिथे गोल होत असूनही वरून बोलावणं येत नाही, अशी तक्रार अनेकांची असते. कारण साधं आहे: वर जखमी होतो तो बऱ्याचदा चौथ्या लाइनवरचा माणूस. मोकळी जागा आठ-दहा मिनिटांची, पॉवर प्लेशिवायची. म्हणून एएचएलमध्ये असतानाच प्रशिक्षकाकडे पेनल्टी किल (आपला माणूस शिक्षेवर असताना बचाव करण्याचं काम) मागून घ्या.

करार करताना वेव्हरचं गणित समजून घ्या. विसाव्या वर्षी पहिला करार करणाऱ्या स्केटरला तीन वर्षं किंवा एनएचएलचे १६० सामने, जे आधी पुरं होईल तोवर, संघ वेव्हरशिवाय खाली पाठवू शकतो. त्यानंतर खाली पाठवण्याआधी त्याला बाकीच्या संघांपुढे ठेवावं लागतं, आणि २४ तासांत कुणीही उचलू शकतं. ती मुदत संपते त्याच शरद ऋतूतलं शिबिर सगळ्यात महत्त्वाचं. त्या उन्हाळ्यात शॉटपेक्षा रिमचे तास वाढवा.