जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवताना: न जुळणारे भाग कसे जुळवायचे

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पेट्रोलची जुनी विलीज किंवा महिंद्रा सीजे-३बी घरात असेल, तर कधी ना कधी डिझेल इंजिनाचा विषय निघतोच. बहुतेकांची नजर प्यूजोच्या २११२ सीसी एक्सडीपी ४.९० इंजिनावर असते, कारण महिंद्राने तेच आपल्या जीपमध्ये बसवलं होतं. गाडी ओढते छान. पण आधी कागद बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यात इंजिनात मोठा बदल केलेली गाडी बसत नाही. ती नोंदणी हवी असेल तर हा लेख इथेच सोडा आणि मूळ इंजिनच बांधून घ्या.

माझं मत विचाराल तर भंगारातून इंजिन घेताना त्याचं बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं घंटेसारखं कवच), फ्लायव्हील (क्रँक म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यामागचं जड चाक), क्लच, सेल्फ (स्टार्टर) आणि जमल्यास गिअरबॉक्ससुद्धा एकत्र उचला. सुटं इंजिन स्वस्तात मिळतं आणि वाचलेले पैसे लेथवाल्याकडे जातात. जुना गिअरबॉक्सच ठेवायचा असेल तर पुढचं वाचा.

पहिलं काम मापांचं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडची ताकद घेणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाइन, म्हणजे त्यावरचे लांबट दाते, मोजा, त्याच्या टोकाचा व्यास घ्या, शाफ्ट बेल हाउसिंगच्या कडेपासून किती बाहेर येतो तेही लिहून ठेवा. इंजिनाकडून क्रँकच्या मागच्या भोकाचा व्यास आणि फ्लायव्हीलची खोली घ्या. हे हातात नसताना प्लेट कापायला देऊ नका.

इंजिन आणि बेल हाउसिंगची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट येते. साधारण १२ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट चालते. अॅल्युमिनियम हलकं असतं, पण खाऱ्या हवेत लोखंडी बोल्टांभोवती ते खाल्लं जातं. प्लेट १२ मिमी जाड असली की गिअरबॉक्स तेवढाच मागे सरकतो, म्हणजे इनपुट शाफ्टचं टोक पायलट बुशात (क्रँकच्या मागच्या भोकात बसणाऱ्या, ते टोक धरणाऱ्या नळीत) १२ मिमी कमी शिरतं. तेव्हा लांब, पायरीचा बुश वळवून घ्यावा लागतो. सेल्फ बेल हाउसिंगवर असेल तर त्याचं पिनियनही (छोटं दातेरी चाक) रिंग गिअरपासून, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेच्या दात्यांपासून, तेवढंच दूर जातं.

आता खरी मेख. प्लेट बोल्टांच्या भोकांवरून बसवायची नसते, ती क्रँकच्या मध्यावरून बसवायची असते. बोल्ट फक्त आवळतात, जागा धरतात त्या डॉवेल पिना (भोकात घट्ट बसणाऱ्या बिनआट्याच्या खुंट्या). प्लेट आणि बेल हाउसिंग हलके आवळा, फ्लायव्हीलवर मॅग्नेट स्टँड लावून डायल गेजची (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाची) सुई बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाला टेकवा आणि क्रँक हाताने फिरवा. पूर्ण फेऱ्यात काटा ०.१३ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. ०.३० दाखवलं तर मध्य ०.१५ ने सरकला आहे, हलक्या हाताने ठोकून आणा. मध्य मिळाल्यावरच डॉवेलची भोकं पाडा. हे टाळलं की गिअर सुटतो, क्लच थरथरतो, बॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं, आणि दोष बिचाऱ्या इंजिनाला जातो. शंका असेल तर मिरकरवाड्यात बोटीची इंजिनं बसवणाऱ्या फिटरला विचारा. शाफ्टचं कपलिंग फिलर गेजने जुळवणं हे त्याचं रोजचं काम.

क्लचमध्ये फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट इंजिनाची. क्लचप्लेटचा व्यासही इंजिनाकडचा, पण मधला स्प्लाइनचा हब गिअरबॉक्सचा. हब बदलून रिव्हेट मारून देणारे कारागीर आहेत. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या बोटांवर नीट टेकतंय ना, तेही बघा.

आट्यांचा घोळ वेगळाच. विलीजचे बोल्ट इंची, प्यूजोचे मेट्रिक. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिमीचा, त्यामुळे ८ एमएमच्या भोकात दोन आटे गुपचूप जातो आणि मग आटे खातो. दोन डबे वेगळे ठेवा.

इंजिन-गिअरबॉक्स जोडून चेनपुलीवर टांगा आणि मगच माउंटिंग (इंजिन धरणारे ब्रॅकेट) टॅक करा, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके मारा. पुढचा अॅक्सल जॅकने वर दाबून तो सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) लागतो का बघा. गिअरबॉक्सची मागची फ्लँज आणि डिफरन्शियलचा पिनियन समांतर राहिले पाहिजेत, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वळते सांधे) टिकणार नाहीत. पूर्ण वेल्डिंग इंजिन उतरवून, बॅटरीची वायर काढून.

बाकी डिझेलची रिटर्न लाइन आणि हीटर प्लग. ब्रेकला बूस्टर असेल तर व्हॅक्यूम पंप. जुनी गाडी ६ व्होल्टची असेल तर १२ व्होल्टचं वायरिंग. रबरी माउंटिंगमुळे इंजिनाचा चेसिसशी विजेचा संबंध तुटतो, म्हणून जाड अर्थिंगची पट्टी विसरू नका. आणि विलीजच्या डिफरन्शियलचं ५.३८ गुणोत्तर तसंच ठेवलं तर घाटात मजा, पण महामार्गावर इंजिन उगाच ओरडत राहील.

पहिल्याच दिवशी आंबा किंवा कुंभार्ली घाट चढायला जाऊ नका. गावातल्या गावात फिरवा, इंजिन थंड झाल्यावर प्लेटचे बोल्ट पुन्हा आवळा. बेल हाउसिंगच्या तळाचं छिद्र मात्र बुजवू नका. पावसाळ्यात वहाळ ओलांडताना आत गेलेलं पाणी तिथूनच निघतं, आणि तिथून तेल ठिबकलं तर सील गेल्याचंही तिथेच कळतं.