मनुकाची मापवही

माझ्याकडे मापाच्या दोन वह्या आहेत. एक गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजची आणि दुसरी मनुकाची. दुसरीत दर महिन्याच्या एक तारखेला चारच आकडे पडतात: छाती, कंबर, डावी मांडी, उजवी मांडी.

मनुका आमची कुत्री. पिंपळगावकडे एका द्राक्षबागेच्या बांधावर सापडली, रंग अगदी काळपट-तपकिरी, म्हणून हे नाव. पिल्लू असताना मागचा उजवा पाय मोटारसायकलखाली आला होता. हाड जुळलं, पण ती त्या पायावर भार टाकायचं टाळायची. बसली तरी एका बाजूला कलून, जुन्या बायका पाय दुमडून बसतात तशी. डॉक्टर म्हणाले, पाय बरा आहे, स्नायू बारीक पडलाय. मी शिलाईकाम करणारी बाई. बारीक म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय मला चैन पडेना. टेप लावली. डावी मांडी पावणेतेरा इंच, उजवी बारा.

आधी आम्ही सगळे करतात तेच केलं, तिला दमवायला निघालो. आमचं घर नाशिकच्या सिडकोत, पुढच्या खोलीत माझं मशीन, मागे स्वयंपाकघर, वर गच्ची. नवरा अंबडच्या कंपनीत जायच्या आधी तिला पट्ट्याला बांधून स्कूटरच्या बाजूने पळवायचा. महिन्याभरात तिचा दम वाढला आणि आमचा संपला. घरी आल्यावर पुन्हा तयार, माझी अस्तरं ओढायला. डॉक्टरांना कळलं तेव्हा दोघांनीही शिव्या खाल्ल्या. डांबरावर स्कूटरच्या वेगाने पळणं सांध्यांना वाईट, आणि तिला थांबावंसं वाटलं तरी पट्टा थांबू देत नाही. तेव्हापासून सकाळी वीस-पंचवीस मिनिटं हुंगत हुंगत फिरणं आणि दिवसात तीन वेळा पाच-पाच मिनिटांची शिकवणी. एवढ्यावर ती दुपारी मशीनखाली घोरत पडते.

तुम्हालाही घरी कुत्र्याची अशी शिकवणी घ्यायची असेल, तर सुरुवात एका आवाजापासून करा. परदेशात त्यासाठी टकटक वाजणारी डबी वापरतात. आपल्याकडेही मिळते, पण माझे दोन्ही हात कामात असतात म्हणून मी तोंडानेच ‘टिच’ म्हणते, टिचबटण लागल्यासारखं. पहिल्या दिवशी काहीच शिकवायचं नाही. टिच म्हणायचं, खाऊ द्यायचा. पंधरा वेळा. रशियाच्या पाव्हलॉव्हने कुत्र्यांच्या लाळेवर जे दाखवलं तेच हे: आवाज आला की खाऊ येतो, एवढं डोक्यात बसलं की आवाजच मोलाचा होतो. मग कुत्र्याने बरोबर गोष्ट केली त्या क्षणाला टिच, खाऊ दोन सेकंदांनी पोचला तरी चालतो. टिच उशिरा आलं तर मात्र तुम्ही भलतंच शिकवता. मी सुरुवातीला मनुका बसून पुन्हा उठायला लागली की टिच म्हणायचे. आठवडाभर ती स्प्रिंगसारखी खालीवर करत होती.

खाऊ वाटाण्याएवढा. जास्त नाही. दिवसभराच्या खाण्यातला दहावा भागच खाऊचा असावा, आणि तेवढं जेवणातून कमी करायचं. माझ्या डब्यात मीठ न घालता उकडलेलं चिकन, कधी पनीर, सोप्या कामाला गाजराचे तुकडे नाहीतर साधे मुरमुरे. चिवडा नाही. मीठ असतं, आणि कांदाही.

आता आपल्या नाशिकवाल्यांसाठी जरा थांबून सांगते. आपल्या जिल्ह्याची दोन मोठी पिकं, द्राक्ष आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विष आहेत. कांदा कच्चा असो, शिजलेला असो की रश्श्यातला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसूणही त्याच घरातला. द्राक्षं, मनुका, बेदाणे मूत्रपिंडावर जातात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा नेम नाही. म्हणजे आमच्या मनुकाला मनुका वर्ज्य. गेल्या दिवाळीत गावाकडून किलोभर बेदाणे आले, पिशवी खाली राहिली, आणि मी फॉल लावत असताना हिने मूठभर तरी गिळले. मी ओरडले, ती घाबरून आणखी भराभर गिळायला लागली. रिक्षा करून तसंच डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी उलटी करवली, दोन दिवस सलाइन, पुन्हा पुन्हा रक्ततपासणी. वाचली. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, त्याने आणखी बिघडतं. सरळ दवाखाना गाठा.

त्यानंतर मी सगळ्या कसरती बाजूला ठेवून ‘सोड’ शिकवलं. तुम्हीही आधी हेच शिकवा. मुठीत मुरमुरा धरा, मूठ तिच्या नाकापुढे. चाटेल, पंजा मारेल, कुरकुरेल. काही बोलू नका, मूठ उघडू नका. ज्या क्षणी तोंड मागे घेईल, टिच, आणि दुसऱ्या हातातला चांगला खाऊ. मुठीतला कधीच द्यायचा नाही. दोन-तीन दिवसांनी मूठ उघडी ठेवायची, ती पुढे आली तर मिटायची. मग मुरमुरा जमिनीवर, वर आपला तळवा तयार. मग उभं राहून, पायाशी. शब्द सगळ्यात शेवटी लावायचा, ती नक्की थांबणार अशी खात्री झाल्यावर. आता माझ्या हातून टाचणी पडली तरी ‘सोड’ म्हटलं की ती टाचणीकडे पाठ करून माझ्या तोंडाकडे बघते.

शब्दांचा घोळ आमच्याकडे फार झाला. मी ‘बस’ शिकवलं, पोरगा ‘सिट’ म्हणायचा, आणि सासूबाई ताटात भात वाढला की ‘बास, बास’ म्हणतात. मनुका दर वेळी ताटाशेजारी येऊन शहाण्यासारखी बसायची आणि सासूबाई विरघळून पोळीचा तुकडा द्यायच्या. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, “अगं, ती बसते गं माझ्या शब्दावर, तुझ्यापेक्षा पटकन.” शेवटी फ्रीजवर कागद चिकटवला: बस, ऊठ, पाट, मागे, गिरकी, सोड, जागेवर. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द. ‘बस’च्या बरोबर मी हात वर करायची खूण जोडली, त्यामुळे ‘बास’चा घोळ मिटला. निदान ऐंशी टक्के.

आता व्यायाम. मोकळी जागा सहा बाय आठ फूट पुरते, फक्त खाली गुळगुळीत फरशी नको. पाय घसरला की कुत्रा अंग आखडतो आणि चुकीचे स्नायू वापरतो. मी जाड रबरी मॅट अंथरते, नसली तर सतरंजीखाली न सरकणारी जाळी घाला. नुसती सतरंजी फरशीवर सगळ्यात धोक्याची. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर आधी ती कापून घ्या. जेवल्यावर लगेच काही नाही, दीड-दोन तास जाऊ द्या. आणि सुरू करायच्या आधी घरातच दोन-तीन मिनिटं चालवा, दोन्ही बाजूंनी एकेक गिरकी, मगच कामाला.

बस-ऊठ म्हणजे कुत्र्याच्या बैठकाच. पण ‘बस’ म्हटल्यावर कसं बसते ते बघा. दोन्ही गुडघे सारखे दुमडलेले, पंजे पुढे, तिरकं नाही. मनुका उजवा पाय बाहेर काढून बसायची, म्हणून मी तिला भिंतीला लागून उभी करून शिकवलं, भिंतीमुळे पाय बाहेर काढायला जागाच नाही. सरळ बसली तरच टिच. उठताना पुढे चालून न येता जागच्या जागी उठली तर पुन्हा टिच. पहिल्या आठवड्यात पाच, मग हळूहळू दहा. कापडाची शिलाई वाकडी गेली तर उसवता येते, सवय वाकडी पडली की उसवायला महिने लागतात, म्हणून मी इथे सगळ्यात जास्त वेळ घालवला.

मग पाट. देवघरातला नव्हे, जेवायचा जुना. खालून रबराचे तुकडे चिकटवले. हातातला खाऊ पाटावरून पुढे नेला की कुत्रा पुढचे पाय वर ठेवतो, टिच. दहा सेकंद तसंच उभं राहिलं की वजन मागच्या पायांवर जातं, मांडीला काम मिळतं. हे जमलं की तुम्ही पाटाभोवती सावकाश एक पाऊल सरका. तोंड तुमच्याकडे ठेवायला तिला मागचे पाय आडवे टाकावे लागतात. पहिल्यांदा मागचा पाय हलला त्या क्षणी मनुकाच्या चेहऱ्यावर जो आश्चर्याचा भाव आला! मागे आपल्याला आणखी दोन पाय आहेत हे बहुतेक कुत्र्यांना माहीतच नसतं असं माझं मत झालंय. आता ती पाटाभोवती पूर्ण फेरी मारते, सर्कशीतल्या हत्तीसारखी. पाहुण्यांना तेवढंच दाखवतो आम्ही, टाळ्या पडतात.

नळ्यांचा व्यायाम माझ्या धंद्यामुळे फुकटात झाला. मेनरोडच्या कापडदुकानातून ताग्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, पाच. दोन्ही टोकांना रिळांची खोकी, त्यावर नळी नुसती टेकवलेली, बांधलेली नाही. पाय लागला तर पडली पाहिजे. उंची दोनच इंच. दोन नळ्यांतलं अंतर साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं. मनुका वीस इंच आहे, म्हणून वीस इंच. तिला पट्ट्याला धरून चालत न्यायचं, उडी नाही, पळणं नाही. एकेक पाय उचलून, विचार करून टाकायला लावणं हाच व्यायाम. चार फेऱ्या खूप झाल्या. पहिल्या दिवशी तिने दोन नळ्या उडवल्या आणि तिसरी घेऊन गच्चीवर पळाली.

मागे चालवणं पलंग आणि भिंत यांच्यामधल्या बोळात शिकवा, तिथे वळायला जागा नसते. तिच्याकडे एक पाऊल टाका, ती मागे सरली की टिच. गिरकी दोन्ही बाजूंना सारखी मोजून घ्या. कुत्रा आवडत्या बाजूलाच फिरतो, आणि नावडती बाजू कधीकधी दुखरीही असू शकते.

ताकदीचे हे प्रकार मी एक दिवसाआड करते. मधल्या दिवशी नुसत्या डोक्याच्या करामती: पाच वाट्यांपैकी कुठल्या वाटीखाली खाऊ, रीळ डब्यात टाकणं, आणि ‘जागेवर’. गिऱ्हाईक दारात आलं की मनुका आपल्या गोधडीवर जाऊन पडते. हे शिकायला दोन महिने लागले, पण ज्या बाया कुत्र्याला घाबरून बाहेरूनच माप सांगायच्या त्या आता आत येऊन चहा घेतात.

पाचपैकी चार वेळा जमलं तरच पुढची पायरी. लागोपाठ दोनदा चुकलं तर एक पायरी मागे. खाऊ दाखवून ओढणं पहिल्या चार-पाच वेळाच, मग हात रिकामा ठेवून तीच खूण करायची, नाहीतर कुत्रा हुकूम नाही, खिसा ऐकायला शिकतो. आणि तिला आणखी करावंसं वाटत असतानाच थांबायचं. हे मला अजून जमत नाही, ‘एकदाच शेवटचं’ म्हणत मीच लांबवते.

वर्षाच्या आतल्या पिल्लाला उड्या, उंच नळ्या, जिने चढउतार लावू नका. हाडांच्या टोकाची वाढ चालू असते. मोठ्या जातीला, लॅब्रेडॉर वगैरेंना, दीड वर्षापर्यंत थांबलेलं बरं. लंगडत असेल, उठताना कण्हत असेल, कालपर्यंत आवडणारं काम आज नको म्हणत असेल, तर ते आळशीपण समजू नका, दाखवून आणा.

एप्रिल-मे मध्ये सकाळी सातनंतर आम्ही रस्त्यावर पाय ठेवत नाही. हाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर टेकवत नसेल तर तिचे पंजेही टेकवायचे नाहीत. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, म्हणून उन्हाळ्यात शिकवणी पंख्याखाली आणि निम्मीच. पावसाळ्यात फिरणं बुडतं तेव्हा हीच पंधरा मिनिटं उपयोगी येतात. त्या दिवसांत शिकवणीच्या शेवटी कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपडून गोचीड बघते. ‘पाय’ म्हटलं की ती एकेक पंजा हातात देते, हीसुद्धा करामतच आहे आणि सगळ्यात कामाची.

माप घेण्यासाठी तिला ‘उभी’ शिकवली. टेप अंगाला लागली की टिच, आवळली की टिच, असं करत करत. मांडीचं माप दर वेळी एकाच जागी, मी गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर घेते, टेप सैल नाही, घट्ट नाही, चारही पायांवर सारखी उभी असताना. चार महिन्यांपूर्वी डावी पावणेतेरा, उजवी बारा होती. या एक तारखेला डावी तेवढीच, उजवी साडेबारा. कंबरही एक इंचाने उतरली, सासूबाईंच्या पोळ्या धरूनसुद्धा. आकडे लिहून वही मिटली तरी ती हलली नाही. मग लक्षात आलं, मी टिच म्हणायचं विसरले होते.