आधी पत्रिका, मग संशोधन : इतिहास विभागातल्या या चुका टाळा

अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीला आमच्या विभागाच्या व्हरांड्यात मुलांनी दोन फलक लावले होते, एक मराठीत आणि एक हिंदीत. मराठी फलकावर ‘श्रावण वद्य १४’, हिंदीवर ‘भाद्रपद कृष्ण १४’. इंदूरच्या रामबागेतले एक पेन्शनर काका चष्मा वरखाली करत दोन्ही फलकांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, “सर, बाई एकदाच गेल्या ना?”

फलक करणारी दोघं एकमेकांकडे बघायला लागली. दोघांनाही दुसऱ्याचं चुकलंय याची खात्री. खरं तर दोन्ही तिथी बरोबर होत्या. पण आपली तिथी कुठून आली आणि शेजारची वेगळी का, हे दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

इंदुरात इतिहास शिकवताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता कारण पाठ झालंय. आपल्याकडे आधी कार्यक्रमाची तारीख ठरते, मग पाहुणे, मग पत्रिका छापायला जाते, आणि शेवटी कुणाला तरी आठवतं, “अरे, मुलांचंही काहीतरी ठेवा की!” मग पंधरा दिवसांत ‘संशोधन’. २०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, तेव्हा तर गावात फलकांचा पूर आला होता. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या घाईच्याच आहेत. काही माझ्या स्वतःच्या देखरेखीखाली झालेल्या आहेत.

तिथी, सन आणि साल

यावर जरा थांबतो, कारण इंदूर-ग्वाल्हेरकडच्या विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी फजिती इथेच होते.

आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला हिंदी महिना पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच असतं, पण वद्य पक्ष आला की हिंदी महिना एक घर पुढे गेलेला असतो. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, शेजारच्या तिवारींकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. उपास मात्र दोन्ही घरांत एकाच दिवशी. अहिल्याबाईंचं तसंच. १३ ऑगस्ट १७९५ हा दिवस मराठी कागदात श्रावण वद्य १४ शके १७१७, आणि हिंदीत भाद्रपद कृष्ण १४ संवत १८५२. मूल मराठी साधनातली तिथी उचलून हिंदी पंचांगात शोधतं, किंवा उलट, आणि सरळ एक महिना चुकतं. वर ती तारीख छापूनही येते.

शकात ७८ मिळवा, संवतातून ५७ वजा करा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वर्षाच्या टोकाला, म्हणजे पौष-माघाच्या आसपास, इसवी साल बदललेलं असतं, तेव्हा ७९ आणि ५६ लागतात. त्यातून सराफ्यातल्या एखाद्या गुजराती पेढीची वही हाती आली तर तिचं संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतं, चैत्रात नाही.

मोडी पत्रांत आणखी एक सन भेटतो, तो आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत. ‘सीत तिसैन मया व अलफ’ वाचलं की मुलं मान टाकतात. सीत म्हणजे सहा, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, झाले ११९६. हा सुहूर सन. सूर्य मृग नक्षत्रात गेला की तो बदलतो, म्हणूनच त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ऑगस्टमधलं पत्र असेल तर ११९६ अधिक ५९९, १७९५ साल. पत्रात ‘छ’ लिहून पुढे आकडा आणि मोहरम, सफर असं नाव असेल तर तो हिजरी महिन्यातला चंद्र, म्हणजे तारीख, आहे; त्याला मराठी तिथी समजू नका.

उपाय साधा आहे. वहीत तीन रकाने आखा : कागदात जसं लिहिलंय तसं, कोणत्या पद्धतीने मोजलं ते, आणि मग इसवी तारीख. पहिला रकाना कधीही खोडायचा नाही. फलकावर दोन्ही तिथी द्या आणि खाली एका ओळीत अमावास्या-पौर्णिमेचा खुलासा करा. लोक तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात, हा माझा अनुभव.

कोणते यशवंतराव?

होळकरांकडे नावं फिरून फिरून तीच येतात. दोन मल्हारराव, तीन तुकोजीराव, दोन यशवंतराव. एका मुलाने फलकावर लिहिलं होतं की इंग्रजांशी झुंजलेल्या यशवंतरावांनी माणिकबाग महाल बांधला. ज्यांनी २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला ते यशवंतराव १८११ मध्ये भानपुऱ्याला वारले. माणिकबाग १९३०च्या दशकातली, एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाची, आणि बांधवून घेणारे यशवंतराव १९२६ साली गादीवर आलेले. नावापुढे पहिले-दुसरे लिहिलंच पाहिजे, आणि शक्यतो कारकिर्दीची वर्षंही.

याच जातीची दुसरी चूक : अहिल्याबाईंना इंदूरच्या राजवाड्याच्या सज्जात उभं करणं. त्यांची राजधानी महेश्वर. इंदूर राजधानी झालं ते इंग्रजांशी झालेल्या महिदपूरच्या लढाईनंतर, जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहापाठोपाठ. हे इंदूरच्या माणसाला सांगितलं की तो थोडा हिरमुसतो, पण सांगावं.

‘होळकरकालीन समाजजीवन’ हा विषय नव्हे

हा शंभर पानी प्रबंधाचाही विषय नव्हे, तर बीए तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा कुठून असणार? मूल विषय घेऊन आलं की मी एकच विचारतो : “कागद कुठे आहे?” कागद नसेल तर माणूस कुठे आहे? दोन्ही नसेल तर विषय बदल. एक गल्ली, एक बंद पडलेला छापखाना, एका वाड्याचे भाडेकरार, एका गणेश मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या, एवढं पुरतं.

कागदाला थेट भोपाळ किंवा दिल्ली गाठायची गरज नसते. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड बऱ्याच जुन्या ग्रंथालयांत धूळ खात पडलेले असतात. त्यात होळकरांची पत्रं पुष्कळ आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं, फक्त तिथे इंग्रज कारकुनाच्या स्पेलिंगने शोधावं लागतं. ‘इंदौर’ म्हणून काही सापडलं नाही तर ‘इंदोर’, ‘होळकर’ नाही तर ‘होलकर’ची चार रोमन रूपं, असं करत राहायचं.

आणि जॉन माल्कम, कंपनी सरकारचा इंग्रज अधिकारी. मुलं त्याच्या १८२३ च्या ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’तले अहिल्याबाईंवरचे उतारे डोळे मिटून घेतात. स्तुती आहे, साहेबाने केलेली आहे, मग काय! पण हा माणूस महिदपुरात होळकरांविरुद्ध लढला, मंदसोरच्या तहावर त्याने सही केली, आणि बाईंबद्दलची माहिती त्यांच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी लोकांकडून गोळा केली. म्हणून ते टाकाऊ होत नाही. उतारा देताना ही तीन वाक्यंही द्या, म्हणजे झालं.

घरचे कागद : लॅमिनेशन म्हणजे खून

एकदा एका विद्यार्थिनीला तिच्या आत्याकडून एक मोडी पत्र मिळालं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिने ते मोठ्या हौसेने लॅमिनेट करून आणलं, पाचशे वर्षं टिकेल म्हणून. गरम प्लास्टिकचा गोंद कागदाच्या धाग्यांत शिरतो. तो पुन्हा निघत नाही. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढचा कागदही दिला नाही. दोष मुलीचा नव्हता. तिला आधी सांगणं माझं काम होतं.

सेलोटेपही नको, तो पिवळा पडतो आणि डाग सोडून जातो. ओल्या फडक्याने पुसू नका, काजळाची शाई पाण्याने सुटते. मऊ ब्रशने धूळ झाडा, घडी हळू उघडा, खिडकीच्या उजेडात फ्लॅश न वापरता फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवा. प्रदर्शनात छापील प्रत लावा, अस्सल कागद त्याच दिवशी घरी परत.

फोटो पूर्ण कागदाचा हवा, पाठीमागच्या कोऱ्या बाजूसकट. मुलं सुंदर दिसावं म्हणून कडा कापतात, आणि नेमका तळातला छोटा ‘मोर्तब सुद’ शिक्का कापला जातो. पत्र तिथेच संपलं की पुढे आणखी बंद, म्हणजे कागद, होता, हे सांगणारी खूण तीच. मोडी वाचताना न लागलेल्या अक्षराची जागा कंसात प्रश्नचिन्ह घालून मोकळी सोडा. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो. अंदाजाने भरलेला शब्द दुसऱ्या दिवशी आपल्यालाच खरा वाटायला लागतो.

मुलाखत

इंदूरची हुकुमचंद ही कापड मिल १९९१ साली बंद पडली. तिथल्या कामगारांना देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. अशा माणसासमोर फोन धरून “काका, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?” विचारलं तर ते एकतर गप्प होतात, नाहीतर थेट पैशांवर येतात, आणि ते बरोबरच आहे. त्याऐवजी विचारा : पहिल्या पाळीचा भोंगा किती वाजता व्हायचा? डबा कोण आणायचं? एकट्याने किती साचे सांभाळायचे? अनंत चतुर्दशीच्या झांकीला (मिरवणुकीतल्या देखाव्याला) किती रात्री जागायचात? हात कुठे ठेवायचा हे दाखवायला काका खुर्चीवरून उठले की समजा मुलाखत सुरू झाली.

पंखा बंद करा. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याशिवाय काही ऐकू न येण्याचा मान आमच्या विभागाने दोनदा मिळवला आहे. लेखी संमती घ्या, नाव छापायचं की नाही ते वेगळं विचारा, आणि फाईल त्याच संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी उतरवा.

आडा बाजारची गाय

राजवाड्याजवळच्या आडा बाजारची गोष्ट इंदुरात सगळ्यांना ठाऊक आहे. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेलं, अहिल्याबाईंनी मुलालाही तीच शिक्षा फर्मावली, स्वतः रथ हाकायला बसल्या, आणि गाय आडवी आली, म्हणून ‘आडा’. मुलं एकतर ही गोष्ट इतिहास म्हणून सांगतात किंवा भाषणात तिची टिंगल करतात. दुसऱ्या प्रकाराने सभागृहात आवाज चढतात, आणि ते चढणारच.

हीच कथा तमिळनाडूत तिरुवारूरच्या मनुनीती चोळ राजाबद्दल सांगतात. तिथेही रथ, वासरू आणि गाय आहे. हे श्रोत्यांसमोर शांतपणे ठेवा. न्यायी राजाची गोष्ट गावोगाव कशी वस्तीला येते, आपल्या गावाने ती कुणाला बहाल केली आणि का, हा विषय खोटं-खरंपेक्षा कितीतरी रसाळ आहे. बोलताना ‘कागदात असं आहे’ आणि ‘लोक असं सांगतात’ ही दोन वाक्यं कधी मिसळू देऊ नका, की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

कार्यक्रमाच्या दिवशी

दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यांत पाऊण तास जातो. मग मुलीला चिठ्ठी येते, ‘पाच मिनिटांत आटपा’. वर्षभर वह्या चाळलेल्या मुलीला पाच मिनिटं आणि पाहुण्यांना पंचेचाळीस! आम्ही आता क्रम उलटा केलाय : आधी मुलं, मग पाहुणे, सत्कार चहाच्या वेळी. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. नंतर पाहुणेच मुलांचं ऐकून आपलं भाषण बदलायला लागले.

वारसा फेरी काढत असाल तर सकाळी साडेसहा-सातला, बाजार उघडायच्या आत. राजवाड्यापासून कृष्णपुरा छत्र्यांपर्यंत, म्हणजे होळकरांच्या समाधिस्मारकांपर्यंत, दीड तास पुष्कळ. मे महिन्यात आणि गेर (रंगपंचमीची मिरवणूक), झांक्यांच्या दिवसांत नको. राजवाड्यापुढे उभं राहून ‘हे सगळं जसंच्या तसं मूळचं’ असं सांगू नका. मागचा भाग १९८४ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेला आहे. आणि शेवटी पोहे-जिलेबी ठेवा. फेरीतले उत्तम प्रश्न द्रोण हातात असतानाच येतात.

लोकांना सोबत कसं घ्यावं याचा जुना धडा याच शहरात आहे. नगररचनेसाठी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिसना बोलावलं होतं. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. प्लेगाचे दिवस होते. त्यांनी दिवाळीच्या सुमारास मिरवणूक काढली, घाणीचा राक्षस आणि प्लेगाचा भला मोठा उंदीर करून शेवटी जाळला, आणि जाहीर केलं की मिरवणूक ज्या भागात सफाई जास्त त्याच भागातून जाईल. लोकांनी घरं झाडून काढली. आमचे लोक हे उदाहरण स्वच्छतेच्या भाषणात वापरतात. मला त्यातली दुसरी गोष्ट आवडते : बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी काहीतरी करायला दिलेलं होतं.

म्हणून दाराशी एक वही ठेवा. नुसत्या सह्यांची नको, त्या कुणी पुन्हा बघत नाही. तीन रकाने : तुम्हाला कोणती चूक दिसली, तुमच्या घरी काय आहे, कधी येऊ? परवा लोकमान्यनगरच्या एका आजींनी त्यात लिहिलं, “माळ्यावर सासऱ्यांची ट्रंक आहे. मोडीच असावं. दिवाळीची साफसफाई व्हायच्या आत या, सून टाकून देईल.”