कलाकारांनी उभ्या केलेल्या केंद्रात पाऊल टाकण्याआधी

कला महाविद्यालय सुटलं की पहिली दोन-तीन वर्षं अंगावर येतात. हक्काचा स्टुडिओ गेलेला असतो, काम पाहून बोलणारं कुणी नसतं आणि व्यावसायिक गॅलरी नव्या नावाला सहसा हात लावत नाही. या काळात कुणी सल्ला विचारला, तर मी कलाकारांनी स्वतः चालवलेल्या समकालीन कलाकेंद्रांचं नाव आधी घेते. अशाच एका केंद्रात मी मदतनीस म्हणून लागले आणि पुढे तिथल्या निवड समितीवर बसले. दोन्हीकडून जे दिसलं, ते नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

गॅलरी विक्रीच्या कमिशनवर चालते, त्यामुळे काय विकलं जाईल हा विचार तिला करावाच लागतो. कलाकारांचं केंद्र बहुधा ना-नफा संस्था असते. अनुदान, देणग्या आणि सभासदांची मेहनत यांवर ते उभं राहतं. मुख्य म्हणजे काय दाखवायचं, कुणाला बोलवायचं हे तिथे कलाकार ठरवतात. म्हणून परफॉर्मन्स, ध्वनी, व्हिडिओ, महिनाभराने मोडून टाकायची मांडणशिल्पं अशा विकायला अवघड कामांना तिथे जागा मिळते.

अर्ज करण्याआधी केंद्राचा इतिहास वाचा, असं मी कळकळीने सांगते. संस्थेची ध्येयधोरणं चार ओळींची असतात आणि ‘प्रयोगशील’, ‘समकालीन’, ‘संवाद’ हे शब्द सगळीकडे सारखेच सापडतात. ते केंद्र कुठल्या अडचणीतून जन्मलं, हे मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं.

चेन्नईजवळचं चोळमंडल हे कलाकारांचं गाव घ्या. के. सी. एस. पणिक्कर मद्रासच्या सरकारी कलामहाविद्यालयाचे प्राचार्य होते. शिक्षण संपल्यावर आपल्या विद्यार्थ्यांनी पोट कसं भरायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. कलाकारांनी बाटिक आणि इतर हस्तकलेच्या वस्तू विकून पैसे जमवले आणि 1966 मध्ये समुद्रकाठी स्वतःचं गाव वसवलं. हस्तकलेवर घर चालवायचं आणि चित्र-शिल्प मोकळेपणाने करायचं, हा तिथला विचार होता. दिल्लीच्या ‘खोज’ या कलाकारांच्या संस्थेची गरज निराळी होती. 1997 मध्ये मोदीनगरला काही कलाकारांनी आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरवली. विक्रीचा किंवा सरकारी अकादमीचा दबाव नसताना देशोदेशीच्या कलाकारांनी एकत्र काम करावं, ही त्यामागची इच्छा. त्यातून पुढे खिडकी एक्स्टेन्शनमधली कायमची जागा उभी राहिली. शिक्षण नुकतंच संपलेल्यांसाठी त्यांची ‘पीअर्स’ नावाची रेसिडेन्सी, म्हणजे काही काळ केंद्रात राहून काम करण्याची संधी, आहे. नवोदितांनी तिची माहिती जरूर काढावी. कॅनडात व्हँकूव्हरला 1973 मध्ये आठ कलाकारांनी एका बंधुसंघाचं, म्हणजे सभासदांच्या मंडळाचं, जुनं सभागृह विकत घेतलं. तेच ‘वेस्टर्न फ्रंट’. ते तिथेच राहत, तिथेच कार्यक्रम करत. व्हिडिओ, परफॉर्मन्स आणि नवं संगीत ही त्या केंद्राची ओळख बनली.

आता या तिन्ही ठिकाणी एकच अर्ज पाठवून चालेल का?

समितीत बसल्यावर हा फरक पहिल्याच पानावर कळायचा. बरेच अर्ज कुठल्याही संस्थेला चालतील असे असत. त्यातला एक मला अजून आठवतो. ओलाव्यामुळे कागदात काय बदल होतात, हे त्या मुलीला महिनाभर पाहायचं होतं. आमच्या जुन्या प्रदर्शनांचे फोटो पाहून तिने एक भिंत निवडली होती आणि तीच का, हेही लिहिलं होतं. तिचा पोर्टफोलिओ छोटा होता, तरी चर्चा फार लांबली नाही. तेव्हा मागच्या पाच-सहा वर्षांचे कार्यक्रम नीट पाहा. ध्येयधोरणात लिहिलेलं प्रत्यक्षात कितपत उतरलं आहे, ते त्यांतूनच समजतं.

नोकरी किंवा प्रशिक्षणासाठी जाणार असाल तर कामाची वाटणी नेमकी नसेल, हे धरून चाला. सकाळी भिंतीला रंग, दुपारी प्रोजेक्टरची जोडणी, संध्याकाळी अनुदानाचा अहवाल. यातलं अहवाललेखन कंटाळा न करता शिका. केंद्र कशावर तगून आहे ते तिथे उमगतं. जुन्या चित्रफिती, पत्रव्यवहार, निमंत्रणपत्रिका यांचा संग्रह लावायचं काम मिळालं, तर आनंदाने घ्या. माझं खरं कलाशिक्षण त्या खोक्यांपाशी झालं, असं मी मानते.

पैशांबद्दल बोलायला नवी मुलं फार संकोचतात. इथेही इतिहास पाठीशी आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाला कलाकृतींच्या प्रतिमा मोबदल्याशिवाय वापरायच्या होत्या. चित्रकार जॅक चेंबर्स यांनी त्याला विरोध केला आणि 1968 मध्ये ‘कारफॅक’ ही कलाकारांची संघटना उभी राहिली. काम प्रदर्शित करण्याचं मानधन मिळालंच पाहिजे, ही मागणी तिने लावून धरली. 1988 मध्ये तिथल्या कॉपीराइट कायद्यात प्रदर्शनाचा हक्क, म्हणजे काम प्रदर्शित केल्याबद्दल मोबदला मागण्याचा कलाकाराचा हक्क, आला.

म्हणून मुलाखतीत तुमची पाळी आली की मोकळेपणाने विचारा. मानधन किती आणि कधी? काम आणण्या-नेण्याचा खर्च कुणाचा? काही तुटलं तर विमा आहे का? चित्रीकरणाचे हक्क कुणाकडे राहणार? कार्यकारी मंडळात आज कलाकार किती आहेत, हेही विचारा. कलाकारांनी चालवलेल्या जागेत हे प्रश्न कुणाला खटकू नयेत. उत्तरं मात्र लेखी घ्या.