पुस्तक वाचून ऑबिडियन्स शिकवताना मी कुठे शेण खाल्लं

पुस्तकावरून कुत्र्याला स्पर्धेचं ऑबिडियन्स, म्हणजे आज्ञा पाळायचे ठरलेले व्यायाम, शिकवता येतं का, असं कोणी विचारलं की मी हो म्हणते, आणि लगेच माझ्या कुत्रीची, झिपरीची पहिली ट्रायल, म्हणजे स्पर्धा, आठवून पोटात गोळा येतो. घरात सिट-डाऊन-स्टे जमतंय आणि आता हील (आपल्या डाव्या बाजूला चिकटून चालणं), रिकॉल (बोलावल्यावर येणं), डंबेल (फेकलेलं डंबेल तोंडात धरून आणणं) असं पुढचं करायचंय अशांसाठी लिहितेय, त्यामुळे बेसिक सांगत बसत नाही.

आधी ते शेण. व्यायाम होता चालता चालता डाऊन. आपण हीलमध्ये चालतोय, न थांबता डाऊन म्हणायचं, कुत्र्याने तिथल्या तिथे आडवं व्हायचं आणि आपण मागे न बघता पुढे निघून जायचं. सरावात झिपरी दहातनं दहा वेळा धप्पकन पडायची. ट्रायलला मी डाऊन म्हटलं आणि बाईसाहेब माझ्या तोंडाकडे बघत, शेपटी हलवत, माझ्याबरोबर चालतच राहिल्या. परत म्हटलं. तरी चालतच. त्या व्यायामाचा भोपळा. मला वाटलं हट्टीपणा करतेय, गर्दीला बावरली असेल, काहीतरी असेल. आठवडाभर मी मनातल्या मनात तिलाच बोल लावले.

मग एका ओळखीच्या बाईंनी आमच्या सरावाचं मोबाईलवर शूटिंग केलं. काही बोलल्या नाहीत, फक्त फोन हातात दिला. माझा डावा खांदा खाली जातो, हात जमिनीकडे सुटतो आणि मग तोंडातून डाऊन बाहेर पडतं. प्रत्येक वेळी! ट्रायलला नियमात बसावं म्हणून मी हात अगदी आवरून चालले होते, आणि ती बिचारी खांदा कधी पडतोय याची वाट बघत होती. आठ महिने झाले तरी तिला डाऊन हा शब्द येतच नव्हता.

पुस्तकात हे होतं बरं का. एकच ओळ, आधी आज्ञा मग मदत. मी तिला पेन्सिलने रेघ पण मारली होती. वाचलं म्हणजे आपण तसंच करतोय असं डोकं धरून चालतं, आणि पुस्तकाला तर आपण दिसत नाही.

हे नीट समजून घ्या, कारण सगळे व्यायाम यावर अडतात. कुत्रं शब्दापेक्षा हालचाल पटकन पकडतं. दोन्ही एकदम आले तर ते हालचाल धरतं आणि शब्द नुसता मागे वाजणारा रेडिओ होतो. हालचाल आधी आली तर शब्दाची गरजच संपली, उत्तर आधीच मिळालं ना. म्हणून क्रम असा पाहिजे की शब्द, मग एक सेकंद पुतळा, मग हात, मग बक्षीस. तो मधला एक सेकंद फार लांब वाटतो, जीव खालीवर होतो, पण शिकणं तिथेच होतं. बऱ्याच वेळा केलं की कुत्रं हाताची वाट न बघता शब्दावरच हलायला लागतं, आणि तसं हललं की त्याला छप्पर फाडून द्या. सरावात मला हात खिशात घालूनच बोलायला लागायचं, नाहीतर तो खांदा ऐकायचा नाही. झिपरीचा डाऊन खांद्यापासून सुटा करायला सहा-सात आठवडे गेले, नवीन शिकवण्यापेक्षा जास्त.

तपासायचं असेल तर आत्ता तपासा. खुर्चीत बसून म्हणा, पाठ करून म्हणा, हात मागे बांधून म्हणा. बहुतेकांचं कुत्रं गोंधळून बघत बसेल. वाईट वाटून घेऊ नका, माझं तर ट्रायलच्या मैदानात बसलं. म्हणजे बसलंच नाही, तेच तर.

हीलसाठी एकच सांगते, डाव्या बाजूच्या कुत्र्याला उजव्या हाताने पोटासमोरून खाऊ देऊ नका. ते तोंड पुढे काढतं, मागचा भाग बाहेर फेकतं आणि वाकडं चालायला लागतं. डाव्या हाताने, पँटच्या शिवणीपाशी द्या. अमेरिकन केनेल क्लबच्या नॉव्हिसमध्ये, म्हणजे नवशिक्यांच्या गटात, २०० पैकी ८० गुण नुसत्या हीलिंगचे आहेत, पास व्हायला १७० लागतात आणि वर प्रत्येक व्यायामात निम्म्याहून जास्त. म्हणजे बाकी सगळं झकास आणि एकात भोपळा, तरी नापासच. कुठलंही ट्रेनिंगचं पुस्तक उघडायच्या आधी आपण ज्या स्पर्धेला जाणार तिचं नियमपुस्तक वाचा, ते फुकट मिळतं आणि कोणी वाचत नाही.

रिकॉल रोज पूर्ण करू नका. बोलावलं, समोर बसवलं, लगेच फिनिश (परत आपल्या डाव्या बाजूला जाऊन बसणं), असं रोज केलं की कुत्रं समोरचं बसणं गाळून थेट डावीकडे जातं, हुशारच असतं ते. दहातनं आठ-नऊ वेळा समोर बसल्यावर तिथेच बक्षीस देऊन संपवा. डंबेलमध्ये धरणं वेगळं शिकवा, धावणं वेगळं. फेकाफेकीने सुरुवात केलीत तर चघळणं आयुष्यभर पुरेल.

सात दिवसांत परफेक्ट हील वगैरे दाखवणाऱ्यांचं मला काही पटत नाही, त्यात सातव्या दिवशी पण हातात ट्रीट असते, नीट बघा. आणि पुस्तकं फेकून दे, माझ्याकडे ये म्हणणारा गुरू मलाही भेटला, त्याचा उपाय एकच, चेनला झटका. चार दिवसांत झिपरी माझ्या डाव्या बाजूला यायलाच बघेना, ते निस्तरायला महिने गेले. तुम्हाला न ओरडता शूटिंग करून देणारं माणूस मिळालं तर त्याला चहा पाजत राहा, गुरूबिरू नंतर.

पुस्तक एका हातात आणि लीश दुसऱ्या हातात, हे मात्र नको. वाचा, आजचं एक वाक्य कागदावर लिहा, पुस्तक मिटा, मग कुत्र्याला बाहेर काढा. पाच मिनिटं पुरतात, खरंच. धडा पुढे ढकलायची घाई असते माहितेय, मला पण होती, पण त्या लेखकाने ज्या कुत्र्यांवरून धडे पाडले ती तुमची नव्हती, एका धड्याला दोन महिने लागले तरी काही बिघडत नाही.

आम्ही आता चालता चालता स्टँड, म्हणजे कुत्र्याने जागच्या जागी उभं राहणं, करतोय. कालचं शूटिंग बघितलं, खांदा सरळ आहे, पण स्टँड म्हणायच्या आधी माझं पाऊल अडखळतंय आणि झिपरीने ते कधीच हेरलंय.